सोळा रविवार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लुगड्याची घडी.

सोमवार होता. ऊन कललं होतं. सुनेच्या घरी कपडे वाळवायचं यंत्र आहे. त्यात हिचं नऊवारी घातलं की दोरखंडासारखा पीळ पडून बाहेर येतं. अंगणात दोरी बांधून कपडे वाळत घालायला त्या वसाहतीत बंदी. मग ते गरम लुगडं घेऊन आम्ही घरापुढच्या उतारावर जायचो, जिथं मोटार उभी करतात, कारण घरात नऊ वार पसरायला जागा नाही. दोन टोकं हिच्या हातात, दोन माझ्या. ताणायचं, झटकायचं, मग मी चालत जाऊन माझी टोकं हिच्या हातात द्यायची, खाली लोंबलेली घडी उचलून पुन्हा मागं यायचं. लग्न झाल्यापासून हे काम आम्ही दोघांनीच केलं. "सरळ धरा, झोल पडतोय," हे हिचं बोलणंही तेव्हापासूनचं.

शेजारचा वॉल्टर त्याच्या पायरीवर बसला होता. मी टोकं घेऊन हिच्यापाशी पोचलो तसा त्यानं बसल्या जागी एक हात लांब करून पुढं दाखवला. त्यांच्या खेळात पंच तशी खूण करतो. दहा वार पुरे झाले, चला पुढं, असा तिचा अर्थ. ही पदर तोंडाला लावून हसली.

"नऊच आहेत म्हणावं त्याला," म्हणाली. "एक कमी पडतो."

मंगळवारी सकाळी ती उठली नाही.

हेडसर मला म्हणाले, तात्या, अमेरिकेला जाऊन आलात, शाळेच्या अंकात लिहा, मुलांना कळू दे. मी ह्याच शाळेत एकतीस वर्षं शिपाई होतो. घंटा दिली, पाणी भरलं, मैदानावर रेघांसाठी चुन्याची फक्की मारली. शिक्षण चौथी. मी त्यांना म्हणालो, सर, मी तो धबधबा बघितला नाही, तो हातात मशाल घेतलेला पुतळा बघितला नाही. मी एका खेळाच्या सोळा मॅची बघितल्या. सात हिच्याबरोबर आणि नऊ हिच्याशिवाय. सर म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहितो.

आम्ही ऑगस्ट संपता संपता गेलो. दोन विमानं बदलली. ही सगळा प्रवास मांडी घालून बसली आणि विमानातली बाई सारखी हिचे पाय खाली सोडायला लावायची. मॉरिसव्हिल नावाच्या गावी मुलगा महेश आणि सून अर्चना राहतात. दोघंही कॉम्प्युटरच्या कामात. अर्चना नागपूरची, बोलायला गोड, पण पहिल्यापासून माझं तिचं फार जमलं नव्हतं. मी तोंडाचा फटकळ आणि ती मनात ठेवणारी.

गाव म्हणजे आपल्यासारखं गाव नाही. पेठ नाही, पार नाही. उंच सरळसोट पाइनची झाडं, मधून रस्ते, आणि झाडांच्या आडून घरं. धूळ कुठंच नाही. मला फक्की मारायची सवय, माती बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तर तिथं माती दिसली ती एकदा रस्ता खणला तेव्हा. लाल होती, आपल्या महाबळेश्वरच्या वाटेवर असते तशी. तळं आहे, त्यात बदकं. आपल्या वाण्यासारखी दुकानंही आहेत, कणीक, गूळ, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं. दुकानात पुण्याची, मुंबईची पोरं भेटायची, "काका, कधी आलात, किती महिने?" असं विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत गाडीत बसायची.

तिसऱ्याच दिवशी मी फिरायला गेलो आणि हरवलो. सगळी घरं एकाच साच्यातून काढलेली. तासभर फिरलो. शेवटी एका घरावर निळं निशाण दिसलं, तेव्हा आठवलं की आपल्या शेजाऱ्याच्या दारावर असंच निशाण आहे. तोच वॉल्टर. टपालखात्यातून निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा, काळा, धिप्पाड. बायको सात वर्षांपूर्वी गेलेली. त्याची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्याला, पण म्हाताऱ्या माणसांना बोलायचं तरी काय असतं.

ते निशाण तिथल्या संघाचं. अडीच तासांवर एक मोठं शहर आहे, तिथला हा पगारी संघ. खेळाला ते फुटबॉल म्हणतात, पण पायाचा संबंध थोडा. चेंडू लांबट, ज्वारीच्या कणसासारखा, तो काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून पाडायचं. महेश दर रविवारी दुपारी टीव्हीवर बघायचा. मी बघितलं ते मैदान. काय आखलं होतं म्हणून सांगू. दर पाच वारांवर पांढरी रेघ, एक रेघ तिरकी नाही. आणि चेंडू किती पुढं गेला याबद्दल शंका आली की दोन माणसं बाहेरून दोन काठ्या घेऊन येतात, मधे साखळी. ती ताणून मोजतात. आपण कबड्डीचं मैदान दोरीनं आखतो तसंच. साठ-सत्तर हजार माणूस त्या साखळीकडं श्वास धरून बघतं. मला तो खेळ तिथंच आवडला.

महेशनं समजावलं. चार प्रयत्नांत दहा वार जायचं. गेलं तर पुन्हा चार प्रयत्न. नाही गेलं तर चेंडू दुसऱ्याला. ही गवार मोडत ऐकत होती.

"म्हणजे माझं एक लुगडं आणि वर एक वार," म्हणाली.

त्याच पहिल्या मॅचला आपल्या निळ्या कपड्यांतल्या एका पोराचा पाय मोडला. पाठीवर अठ्ठावीस आकडा होता. त्याच्या अंगावर तिघं पडले, ते उठले आणि तो उठला नाही. पाय गुडघ्याखाली नको तिकडं वळला होता. त्याला छोट्या गाडीवर आडवा घालून नेलं. त्याच्या तोंडावरचं ते लोखंडी जाळीचं शिरस्त्राण काढलं तर आत अगदी कोवळं तोंड. हिच्या हातातली गवार तशीच राहिली.

"किती मॅची असतात रे ह्यांच्या?" हिनं महेशला विचारलं.

"सोळा."

"सगळ्या रविवारी?"

"ऑलमोस्ट. मधे एक रविवार सुट्टी असते."

ही उठली, हात धुतले आणि सुनेच्या देवघरापुढं जाऊन उभी राहिली. हिनं जन्मात दोनदा सोळा सोमवार केले होते. एकदा महेशच्या वेळी आणि एकदा त्याला नोकरी लागत नव्हती तेव्हा. दिवसभर उपास, संध्याकाळी कणीक, तूप, गुळाचा चुरमा, त्याचे तीन वाटे, एक देवाला, एक गायीला, एक घरात. सोळा झाले की सतराव्याला उद्यापन, म्हणजे व्रताची सांगता. परत येऊन मला म्हणाली, मी आजपासून ह्यांचे सोळा रविवार धरलेत. मॅच संपेपर्यंत तोंडात काही घालणार नाही.

मी म्हणालो, "अगं येडे, तो खेळ आहे. ह्याला काय व्रत म्हणतात?"

"सोळाच आहेत ना? वाराला वार आहे ना? मग झालं."

"आणि मागितलंस काय?"

"सांगितलं की फळत नाही."

हे सगळं खुळं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिच्या खुळेपणात मी पन्नास वर्षं राहिलोय. पुढच्या रविवारपासून दुपारी एकला ही चष्मा लावून टीव्हीपुढं, उपाशी. मॅच चारनंतर संपायची, मग चुरमा. तिथं गाय कुठली, म्हणून गायीचा वाटा वॉल्टरला. तो वाटी घ्यायचा, बोटानं चाटायचा आणि हिला म्हणायचा, "माम्मा, गुड."

आणि संघ कसा, तर धड जिंकेना, धड हरेना. एका रविवारी असा खेळायचा की वाटावं यांच्यापुढं कोण उभं राहील, आणि पुढच्या रविवारी शेवटच्या दोन मिनिटांत हातातला चेंडू खाली टाकायचा. वॉल्टर पायरीवर बसून डोकं हलवायचा. अर्चनानं एकदा त्याचं बोलणं मला सांगितलं, "बाबा, ते म्हणतात, ही टीम नवऱ्यासारखी आहे. फार चांगली नाही, फार वाईट नाही, आता बदलायची कुठं." ही त्यावर इतकी हसली की ठसका लागला. सात झाल्या तेव्हा तीन जिंकलेल्या आणि चार हरलेल्या होत्या. मी म्हणालो, तुझं व्रत काही उपयोगाचं नाही. ती म्हणाली, मी त्यांना जिंकवा असं कुठं म्हटलंय.

त्या सातव्या रविवारनंतरचा सोमवार म्हणजे ती लुगड्याची घडी. मग मंगळवार.

डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं, त्रास झाला नाही. सगळेच डॉक्टर हे सांगतात, पण मी बाजूलाच होतो आणि मला जाग आली नाही, त्यावरून खरं असावं. तिथं तिरडी नाही, खांदा नाही. स्वच्छ खोली, गालिचा, आणि भिंतीत एक दार. महेशनं एक बटण दाबलं. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला होता. एवढंच माझं खांदा देणं. चार दिवसांनी अस्थी एका चौकोनी डब्यात दिल्या. महेश म्हणाला देवघरात ठेवू. मी म्हणालो, नाही, अस्थी घरात घेत नाहीत. आपल्याकडं झाडाला बांधतात. तिथं झाडाला काही बांधलं की वसाहतीचं पत्र येतं. म्हणून डबा गराजमध्ये (गाडी ठेवायची खोली) ठेवला, रंगाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. मी रोज सकाळी तिथं खुर्ची टाकून बसायचो.

पहिल्या दिवशी वॉल्टर एक खोल भांडं घेऊन दारात आला. शेवया, दूध आणि चीज घालून भाजलेलं काहीतरी. दुसऱ्या दिवशी पलीकडची बाई भात घेऊन आली. आपल्याकडं मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. मला वाटायचं हे आपल्यालाच माहीत आहे.

आणि तो रविवार आला. मी विचारलं, आज मॅच किती वाजता. महेश माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "बाबा, आज नाहीये. आज त्यांचा सुट्टीचा रविवार." सोळांच्या मधला तो एकच मोकळा रविवार, आणि तो आमच्या सुतकात पडला. व्रतात सुतक आलं तर तो वार मोजत नाहीत, पुढं धरतात. मी असल्या गोष्टी फार मानणारा माणूस नाही. पण निळ्यांनी सुतक पाळलं एवढं मी त्या दिवशी म्हणालो. पुढची, आठवी मॅच बरोबर तेराव्याला होती. त्या दिवसापासून हिचा उपास मी धरला.

मॅच संपल्यावर संध्याकाळी तेराव्याचं जेवण झालं आणि महेशनं तिकिटं काढायची गोष्ट काढली. "बाबा, बुधवारच्या सीट्स मिळतायत. मी येतो बरोबर. अस्थी नेऊ."

"मी नाही जात."

"म्हणजे?"

"आठ राहिल्यात. त्या झाल्या की जाईन."

"कसल्या आठ?"

"हिचे रविवार."

महेश लहानपणी रडायचा तसं त्याचं तोंड झालं. "बाबा, यार, ते खूळ होतं आईचं. लोक काय म्हणतील?"

लोक म्हणालेच. हिचा भाऊ, आबा, त्याला मी फोनचं कार्ड घासून त्यावरचा भलामोठा नंबर फिरवून फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, माझी बहीण डब्यात आणि तुम्ही तिकडं बॉल बघत बसलाय म्हणे. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत." मी सांगायला गेलो की व्रत अर्धवट टाकू नये. तो म्हणाला, "व्रत कुणाचं? देवाचं का बॉलचं?" आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यानं माझा फोन घेतला नाही.

खरं सांगायचं तर मलाही ते व्रत प्रेमानं करवत नव्हतं. मी रागानं करत होतो. दर वटपौर्णिमेला ही दोरा गुंडाळून घरी आली की म्हणायची, "मला तुमच्या आधी जाऊ दे, म्हणजे झालं." कपाळावर कुंकू घेऊन जायचं, ही हिची एकच हौस. गराजमध्ये बसून माझ्या मनात आलं, हिनं तेच मागितलं असणार. आणि सातव्याच रविवारी देवानं दिलं. म्हणजे मी कशासाठी उपास करत होतो, तर जे मला नको होतं ते मिळाल्याबद्दल. मी त्या डब्याला बोललोही. म्हणालो, सोळा तरी होऊ द्यायचे होतेस.

एकदा मी अर्चनाला विचारलं, "तुला काही बोलली होती का ती? काय मागितलंय ते?"

ती भांडी लावत होती. हात थांबला. म्हणाली, "सोळा होऊ देत, बाबा."

मी समजलो. माझी खात्रीच झाली, हिनं आधी जायचंच मागितलं होतं.

आठव्या मॅचला मला चक्कर आली. मला साखरेची गोळी आहे, उपाशी राहून चालत नाही. अर्चनानं पेला पुढं केला. "दूध. व्रताला चालतं. आईंनी पण एकदा घेतलं होतं." आईंनी कधी घेतलं नव्हतं, मला ठाऊक आहे. पण मी प्यालो. त्यानंतर दर रविवारी एक वाजता दुधाचा पेला माझ्या खुर्चीशेजारी असायचा, आणि मॅच संपली की चुरमा. पहिल्यांदा तिचा चुरमा करपला. दुसऱ्यांदा कच्चा राहिला. चौथ्यांदा वॉल्टरनं बोट चाटलं.

पाइन तसेच हिरवे राहिले, बाकीच्या झाडांची पानं आधी तांबडी झाली, मग गळली. थंडी पडली. संघ दोन जिंकला, दोन हरला, मग एक जिंकला, मग दोन हरला, मग पुन्हा एक जिंकला. पंधरा झाल्या तेव्हा सात जिंकलेल्या आणि आठ हरलेल्या. महेश म्हणाला, आता पुढच्या फेरीत जायची आशा नाही, शेवटची मॅच नुसती नावाला आहे. मला तेवढं बरं वाटलं. पुढच्या फेरीत गेले असते तर सोळाच्या वर झाल्या असत्या, आणि हिनं सोळाच धरले होते.

सोळावी मॅच त्या मोठ्या शहरात होती, संघाच्या स्वतःच्या मैदानावर. महेशनं न सांगता चार तिकिटं आणली. वॉल्टर गाडीत पुढं बसला. अडीच तास सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं आणि मधेच उंच खांबावर पेट्रोलच्या पाट्या. मैदानाच्या बाहेर बघतो तर जत्रा. लोकांनी गाड्यांची मागची दारं उघडून तिथंच शेगड्या पेटवल्या होत्या. निळी तोंडं रंगवलेली म्हातारी माणसं. एक जाडा मनुष्य माझ्या हातात मक्याचं कणीस द्यायला लागला. मी मान हलवली. वॉल्टर त्याला काहीतरी बोलला. त्या माणसानं टोपी काढली आणि कणीस कागदात गुंडाळून माझ्या खिशात घातलं. "नंतर खा म्हणतो," अर्चनानं सांगितलं.

"त्याला सांगितलं काय वॉल्टरनं?"

"की तुम्ही बायकोसाठी उपाशी आहात."

दारावर पिशव्या तपासत होते. माझ्या कापडी पिशवीत एकच वस्तू होती, हिचा चष्मा. पहारेकरी बाईनं उघडून बघितला, जाड काचा, दांडीला दोरा बांधलेला. माझ्याकडं बघितलं.

मी माझ्या इंग्रजीत म्हणालो, "वाइफ."

तिनं मिटून दोन्ही हातांनी परत दिला.

आत गेलो आणि मैदान बघितलं. टीव्हीवर दिसतं त्याहून हिरवं. मी पहिल्यांदा रेघा बघितल्या. फक्की नाही, रंग मारलेला. ज्यानं मारला त्याचा हात चांगला होता. मी चष्मा मांडीवर उघडून ठेवला.

मॅचबद्दल काय लिहू. निळे सुरुवातीपासून मागं पडले. दोनदा साखळी आली आणि दोन्ही वेळा वीतभर कमी भरलं. मला वाटलं, हिच्या लुगड्याचा तो एक वार. थंड पाऊस सुरू झाला. तिसऱ्या भागात लोक उठायला लागले, चौथ्या भागात निम्मं मैदान रिकामं. निळे सतरा गुणांनी मागं, पाच मिनिटं राहिलेली. महेश म्हणाला, "बाबा, आता निघूया. नंतर ट्रॅफिक लागेल. काही होणार नाही आता."

"आरती व्हायच्या आधी उठतात का?"

"बाबा, तुम्ही भिजताय."

"तू जा गाडीत. मी घड्याळ संपल्यावर येतो."

तो गेला नाही. वॉल्टरनं त्याचं प्लास्टिकचं पांघरूण अर्धं माझ्यावर ओढलं. घड्याळ शून्यावर आलं. सात जिंकल्या, नऊ हरल्या. सोळा झाल्या. मला वाटलं होतं काहीतरी होईल, छातीतलं ओझं उतरेल. काही झालं नाही. नुसतं थंड वाटत होतं.

मॅच संपली की दोन्हीकडची पोरं मैदानात येऊन एकमेकांचे हात धरतात, मिठ्या मारतात. मघाशी एकमेकांची हाडं मोडायला निघालेली. ते बघत होतो तेवढ्यात अर्चनानं माझं मनगट धरलं. तिनं मला कधी हात लावला नव्हता.

"बाबा, तिकडं बघा. काळा कोट. कडेनं येतोय तो."

एक उंच पोरगा साध्या कपड्यांत, डोकं उघडं, पावसात हळूहळू मैदानाच्या मधे चालला होता. थोडा लंगडत होता. हातात काठी नव्हती. निळे एकेक करून त्याच्याकडं जात होते.

"कोण आहे?"

"अठ्ठावीस."

मला लगेच उमगलं नाही. अर्चना रडत होती. म्हणाली, "बाबा, सोळा झाले. आता सांगितलं तर चालतं ना?"

"काय?"

"आईंनी त्याच्यासाठी धरलं होतं. त्याचा पाय बरा होऊन तो चालावा म्हणून. दर सोमवारी मला विचारायच्या, कॉम्प्युटरवर बघ गं, उठला का तो, चालला का. नंतर पण मी बघत होते. परवा लिहिलं होतं की कुबड्या सुटल्या. पण मी कसं सांगणार, आईंनी शपथ घातली होती. त्या म्हणाल्या, कुणाचं तरी पोर आहे, ती आई कुठं असेल, तिला सोळा रविवार माहीत नसणार."

मी चष्मा उचलून धरला. कशासाठी ते विचारू नका. तो पोरगा मधल्या रेघेपर्यंत गेला, थांबला, आणि तसाच परत चालत मैदानाबाहेर नेणाऱ्या बोगद्यात दिसेनासा झाला. पाच मिनिटं आधी उठलो असतो तर दिसला नसता.

नऊ आठवडे मी हिला मनातल्या मनात वाईट-साईट बोललो होतो. गाडीत बसल्यावर ते कणीस खाल्लं. गार झालं होतं. वॉल्टर मागं वळून न बघता खिडकीबाहेर बघत होता.

पुढच्या, सतराव्या रविवारी उद्यापनाचा चुरमा अर्चनानं आणि मी मिळून केला. मी कणीक भाजली, तिनं गूळ किसला. वॉल्टरच्या वाट्याला मोठी वाटी. त्यानं दारावरचं निळं निशाण काढून घडी करून माझ्या हातात दिलं. आठवड्यानं महेश आणि मी डबा घेऊन निघालो. अर्चना विमानतळावर पाया पडली. मी म्हणालो, "चुरमा आता बरा जमतो तुला." एवढंच मला जमलं.

कऱ्हाडला संगमावर आबा आला होता. बोलला नाही, पण आला. कृष्णेला पाणी बेताचं होतं. अस्थी सोडल्या आणि वर येताना पायरीवर त्यानं विचारलं, "जिंकले का मग तुमचे ते?"

"सात जिंकले. नऊ हरले."

"मग काय मिळालं, दाजी?"

मी त्याला अठ्ठावीसचं सांगितलं, पायऱ्यांवर बसून, सगळं. त्यानं पायरीवरचा खडा उचलून नदीत टाकला. मग म्हणाला, "लहानपणीपण तशीच होती. दुसऱ्याच्या वासराला ताप आला तरी जेवायची नाही."

लोक विचारतात, अमेरिका कशी आहे. मी सांगतो, तिथं आपल्या ओळखीचं कुणी नसतं असं वाटतं, ते खरं नाही. एवढंच मला कळलं आणि तेही मी स्वतः मिळवलेलं नाही, हिच्यामुळं कळलं.

घरी आलो. पेटीत सगळ्यात वर तेच लुगडं होतं, त्या सोमवारचं. प्रवासात घडी मोडली होती आणि विमानाचा वास लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, ते धुतलं, अंगणात दोरीवर वाळत घातलं. दुपारपर्यंत थांबावं लागलं नाही, वारा होता, लवकर वाळलं. मग त्याची दोन टोकं दाराच्या कडीला बांधली, दोन हातात घेतली आणि मागं मागं जात अंगणाच्या कडेपर्यंत ताणलं. झोल पडला होता. सरळ धरलं. आणि टोकं घेऊन दाराकडं चालत गेलो.